सोबतीला मी होते

आमच्या घरात एक वाक्य गेली काही वर्षं वापरात आहे. पहिल्या बाळंतपणात सून मरता मरता वाचली, तो विषय निघाला की कुणी ना कुणी ते म्हणतंच. "हिनं वेळेवर सांगितलंच नाही ना!" मुलगा म्हणतो. माझी नणंद म्हणते. शेजारची बाई, जिला त्यातलं काही माहीत नाही, तीही मान डोलावून म्हणते. सून ऐकते आणि हातातलं काम चालू ठेवते.

ते वाक्य खोटं आहे. तिनं सांगितलं होतं. ज्या बाईला सांगितलं ती मी. हे आम्हा दोघींनाच माहीत होतं, आणि आम्ही ते एकमेकींशीसुद्धा कधी बोललो नाही.

मी जळगावात एका मुलींच्या शाळेत शिकवते. कमी बोलणारी बाई म्हणून लोक मला ओळखतात. कमी बोलणाऱ्या माणसाचं लोक खरं धरतात, याचा मला फार उपयोग झाला.

माझं माहेर आणि सासर दोन्ही रावेरकडचं, केळीवालं. आमच्याकडे बायकांच्या मोठेपणाची एक मोजपट्टी होती. बाळंतीण ओरडली नाही पाहिजे. माझ्या सासूबाई चारचौघींत सांगायच्या, "आमच्या घरात बाई बाळंत झाली ते पोर रडल्यावर कळतं. तोवर बाहेर बसलेल्याले पत्ता नसतो." माझ्या वेळी दवाखान्यात आत कुणालाच सोडत नसत. आईला दारातच अडवलं होतं. आतल्या आयाबाईनं माझ्या मांडीवर एक चापट मारली आणि म्हणाली, "नाटकं करू नको." मी पदराचा बोळा करून दातांत धरला आणि समोरच्या भिंतीचे पोपडे बघत राहिले. बाहेर आल्यावर सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "वाघीण आहे." मला ते आवडलं होतं. इतकं आवडलं की त्या चापटीचं मी पुढं कुणाला सांगितलंच नाही.

सून धुळे जिल्ह्यातली, दोंडाईचाजवळच्या एका खेड्यातली. तिची आई ती लहान असतानाच गेली. तिला वाढवलं तिच्या काकीनं. काकीला स्वतःचं मूल झालं नाही. उंच, हाडकुळी बाई, आवाज शेताच्या बांधावरून बांधावर जाईल असा. सून आमच्या घरात शुद्ध बोलायची, पण काकीचा फोन आला की तिची अहिराणी सुरू व्हायची, आणि तेव्हा ती खळखळून हसायचीही. आमच्या घरात ती तशी हसलेली मला आठवत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण मी म्हटलं, "आई नाही तिला. तिकडे कोण करणार? इथेच होऊ दे." सगळ्यांना माझं कौतुक वाटलं. तिचे वडील, नाना, हात जोडून म्हणाले, "ताई, तुम्ही आईच झाल्या तिच्या." कोपऱ्यात काकी उभ्या होत्या. "कोण करणार" हे मी त्यांच्यासमोरच म्हणाले होते.

सातव्या महिन्यात ओटी भरली. काकी सकाळीच गाडीनं आल्या, मांडे करायला बसल्या, आणि ओटीच्या वेळी स्वतःहून स्वयंपाकघरातच थांबल्या. पोरीनं दोनदा हाक मारली. "येस, माय, येस," असं 'येते, येते' म्हणत राहिल्या आणि आल्या नाहीत. मीही बोलावलं नाही. वर्गात मी मुलींना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला देते. त्या दिवशी मात्र मला बरं वाटलं, की सांगावं लागलं नाही, त्यांचं त्यांना कळलं.

त्याच दिवशी जेवणं झाल्यावर सून मोबाइलमध्ये बघून म्हणाली, "पुण्यामुंबईकडे डुला म्हणून बाई असते म्हणे. बाळंतपणात पूर्ण वेळ सोबत थांबते. पाठ चोळते, धीर देते, डॉक्टरांना आपलं म्हणणं सांगते. घरी आल्यावरही येते."

"पगारी?" माझ्या नणंदेनं विचारलं.

"हो, पगारी."

काकी भांडी घासता घासता म्हणाल्या, "पैसा लिसन हात धरतस का तठल्या बाया? मंग मी काय कामनी? मी फुकटमा धरसू."

सगळ्या हसल्या. सून मात्र माझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, "आई, आता सरकारी दवाखान्यातही एका बाईला आत राहू देतात. सिस्टर सांगत होत्या तपासणीच्या वेळी. काकी राहिली तर?"

तपासणीला मी तिच्यासोबत होते. सून वजनकाट्याकडे गेल्यावर सिस्टर पुढं काय म्हणाल्या ते मीच ऐकलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "शक्यतो बाळंतपणातून गेलेली बाई बघा, घाबरणारी नको." मी 'शक्यतो' तेवढा गाळला. म्हटलं, "बेटा, तिथला नियम आहे. जिला स्वतःला मूल झालंय तीच आत जाऊ शकते. माझ्या हातात असतं तर..."

काकींच्या हातातलं पातेलं तेवढं वाजायचं थांबलं. मग त्या म्हणाल्या, "नियम शे तं नियम शे." आणि पुन्हा घासायला लागल्या.

मला त्यांची सावली नको होती, हे मी आज सरळ लिहिते. आणि दुसरंही एक होतं. ती जागा मला हवी होती. माझ्या वेळी दाराबाहेर अडवलेल्या माझ्या आईची जागा. आता नियमानं ती मिळत होती, आणि ती दुसऱ्या बाईला द्यायला माझा हात होत नव्हता.

कळा सुरू झाल्या तेव्हा उन्हाळा होता. जळगावचा उन्हाळा काय असतो ते इथल्यांना सांगायला नको. मी शाळेत रजा टाकली आणि आम्ही सकाळीच दवाखान्यात पोचलो. मला आत घेतलं. पायात त्यांच्या चपला, अंगावर हिरवा गाऊन. आत तीन टेबलं, मध्ये पडदे, आणि त्या सगळ्यांना मिळून एक सिस्टर.

शेजारच्या टेबलावर पारोळ्याकडची एक पोर होती. तिची आई तिची कंबर दाबत होती आणि पोर ओरडत होती.

"दे शिव्या!" आई म्हणत होती. "मना जवाईले दे, चांगल्या दे! मी नही सांगत त्याले."

"आजी, जावई दाराशीच उभे आहेत," सिस्टर म्हणाल्या.

"आयकू दे मंग! त्याले बी कळू दे!"

सिस्टर हसल्या. ती पोरसुद्धा कळ ओसरल्यावर हसली. माझी सून हसली आणि मग तिलाही मोठी कळ आली, आणि तिनं तोंड उघडलं. मोठा, खेड्यातला, मोकळा आवाज.

मी म्हटलं, "श्श. बेटा. सगळे ऐकतायत."

वर्गात मी जसं म्हणते तसंच. ती गप्प झाली. पुढच्या कळेला तिनं माझा हात घट्ट धरला आणि पुन्हा ओरडली. मी पिशवीतून नॅपकिन काढला, घडी केली आणि म्हटलं, "हा दातांत धर. आमच्याकडे कुणी ओरडत नाही. मी हूं की चूं केलं नव्हतं." तिनं माझ्याकडे बघितलं. मग नॅपकिन दातांत धरला.

तिची पाठ चोळायचं मला सुचलं नाही, असं मी म्हणू शकत नाही. शेजारी चाललेलं दिसत होतं. पण ते मला ओंगळ वाटत होतं, ते कंबर दाबणं, त्या शिव्या, तो घाम. मी तिच्या उशाशी ताठ उभी राहिले आणि म्हणत राहिले, "शाब्बास. अशीच." परीक्षेच्या वेळी पर्यवेक्षक उभा असतो, तशी.

दुपारी मध्येच मला पाणी आणायला बाहेर जावं लागलं. रात्री फोन गेल्यावर काकी नानांबरोबर पहाटेची गाडी धरून आल्या होत्या. भिंतीलगतच्या सावलीच्या पट्टीत, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला बघून उठल्या.

"ताई, मझार काय चाली ऱ्हायनं?"

"चांगलं चाललंय. वेळ आहे अजून."

"तिना आवाज नही येत."

"शांत आहे अगदी. फार सोशिक आहे तुमची पोर."

"शांत?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या उत्तरानं त्यांना धीर आला नाही, उलट भीती वाटली, हे मला दिसलं. मला वाटलं, अडाणी बाई.

संध्याकाळ व्हायच्या आत मुलगी झाली. छान, रडणारी, केसाळ. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, सूनबाई गुणाची हो तुमची, जराही त्रास दिला नाही." मला माझ्या सासूबाईंचं 'वाघीण' आठवलं. टाके घालून झाले. जाताना सिस्टर मला म्हणाल्या, "आता दोनेक तास हिला इथेच ठेवू. मी त्या शेजारच्या टेबलापाशी आहे. हिला चक्कर आली, रक्त जास्त वाटलं, खाली दाब आल्यासारखं वाटलं, काहीही, तर मला हाक मारायची. मी लांब नाही. लक्ष ठेवा हं, तुम्हीच आहात."

मी "हो" म्हटलं. मग मोबाइल काढला. बाळाचे फोटो घेतले, घरच्या ग्रुपवर टाकले. शुभेच्छा यायला लागल्या. नणंदेनं विचारलं, कुणासारखी आहे? मी लिहिलं, नाक आपलं आहे.

"आई," सून म्हणाली. "खाली काहीतरी भरत चाललंय."

"टाके आहेत, दुखणारच."

"तसं नाही. आत दाब येतोय. फुटेल असं वाटतंय. सिस्टरना बोलवा ना."

शेजारच्या पोरीला त्या वेळी मूल होत होतं. सिस्टर तिकडे गुंतल्या होत्या. ती आई तर आता देवालाच शिव्या घालत होती. मला वाटलं, आता मी हाक मारायची आणि हिला नुसते टाके दुखत असायचे. इतका वेळ शांत राहून कमावलेलं सगळं जायचं. म्हटलं, "सगळ्यांनाच दुखतं, बेटा. जरा सोस. त्या बिचाऱ्या कामात आहेत."

थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली, "आई, बोलवा." या वेळी तिनं माझ्या गाऊनची बाही धरली होती. मी बाही सोडवली आणि म्हटलं, "आता आई झालीस तू. किती ते लाड करून घ्यायचे?"

त्यानंतर ती बोलली नाही. तिनं तोंड भिंतीकडे केलं. मी मोबाइलमध्ये परत गेले.

सिस्टर कापूस घ्यायला आल्या तेव्हा त्यांचं सहज लक्ष गेलं. त्यांनी सुनेचा हात हातात घेतला, डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, आणि मग त्यांचा आवाज बदलला. माणसं धावत आली. मला बाहेर काढलं. आत रक्तवाहिनी फुटून रक्त आतल्या आतच साठत होतं, बाहेर काहीच दिसत नव्हतं, असं नंतर कळलं. ऑपरेशनच्या खोलीत नेलं. मुलगा रक्तासाठी धावला. काकी जमिनीवर बसल्या आणि बाळ त्यांच्या मांडीवर कुणी दिलं कुणास ठाऊक, पण त्यांनी ते खाली ठेवलं नाही.

बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले. वाचली, म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "सोबत कोण होतं?"

"मी होते."

"इतका वेळ पेशंटनं काहीच सांगितलं नाही? याचा दाब सहन होत नाही माणसाला."

मुलगा, नाना, काकी सगळे माझ्याकडे बघत होते. ते वाक्य मी ठरवून बोलले नाही. पण बोलले.

"नाही हो डॉक्टर. ती काही बोललीच नाही."

"फारच सोशिक दिसतात," डॉक्टर म्हणाले. "असं करायचं नाही. त्यांना सांगा."

सांगितलं सगळ्यांनी. शुद्धीवर आल्यावर मुलगा पलंगाशी बसून म्हणाला, "तोंड नव्हतं का तुला? एक शब्द सांगायचा होता!" मी उशाशी उभी होते. तिनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ती आता बोलेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "बाळ कुठाय?"

कॉलनीत मला बायका भेटायला आल्या. "सासू असावी तर अशी. आत राहिली, लेकीसारखं केलं." मी त्यांना चहा दिला.

पुढं बाळंतीण आणि बाळ काकींकडे गेलं. त्या काळात तिला दूधही उशिरा आलं. मुलीला जवळ घ्यायची, पण बघायची दुसरीकडेच, असं मुलगा सांगायचा. रात्री दचकायची. काकी तिच्याजवळच झोपायच्या. बारशाला मी गेले तेव्हा काकी चुलीशी होत्या. मी पाटावर बसले. त्यांनी चहा दिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ताई, हाई पोर धाकली व्हती तवय पायमा काटा रुतना तरी गल्ली गोया करे. मंग तठे कशी काय चूप ऱ्हायनी?"

मी म्हटलं, "दवाखान्यात माणूस घाबरतं."

"हा," त्या म्हणाल्या. "घाबरनी व्हई." आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला. मी तो पिऊन टाकला.

नंतर मुलाला नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली आणि ते धुळ्याला राहायला गेले. मी जळगावातच. सून माझ्याशी नीट वागते. फोन करते, औषधं घेतली का विचारते. त्या नीट वागण्यात कधी फट पडली नाही. मला वाटायला लागलं होतं की ती विसरली. खरं सांगायचं तर मला वाटायचं, तिनं माफ केलं. न मागता.

यंदा तिला पुन्हा दिवस गेले. पाचव्या महिन्याच्या तपासणीला मी धुळ्याला गेले, मुलगाच म्हणाला ये म्हणून. तिथल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण होत्या, माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा. त्यांनी आधीच्या बाळंतपणाचे कागद चाळले आणि विचारलं, "हे लक्षात यायला उशीर का झाला?"

मुलगा म्हणाला, "हिनं वेळेवर सांगितलंच नाही ना, मॅडम. सोसत बसली. या वेळी तरी तुम्हीच बजावा तिला."

डॉक्टर सुनेकडे वळल्या. गोड आवाजात म्हणाल्या, "असं चालणार नाही हं. लाजायचं नाही. काही झालं तर लगेच सांगायचं. सांगणार ना?"

सून म्हणाली, "हो मॅडम."

शाळेत एखाद्या मुलीनं न केलेल्या गोष्टीसाठी माफी मागितली की तिचा आवाज कसा येतो, ते मला माहीत आहे. मी किती मुलींना तशी माफी मागायला लावली असेल. सुनेचा आवाज तसाच होता.

मी म्हटलं, "तिनं सांगितलं होतं."

कुणाला कळलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, "काय म्हणालात?"

"तिनं मला सांगितलं होतं. दोनदा. खाली दाब येतोय, सिस्टरना बोलवा म्हणाली. मी बोलावलं नाही. आणि नंतर मी डॉक्टरांना खोटं सांगितलं."

मुलगा नुसता म्हणाला, "आई?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं नाही, हे बरं झालं. त्यांनी खुर्ची सुनेकडे वळवली आणि म्हणाल्या, "मला नीट सांगा. दुखणं कधी सुरू झालं? टाक्यांनंतर लगेच, की थोड्या वेळानं? कुठल्या बाजूला?"

आणि सून बोलायला लागली. पहिल्यांदा अडखळत, मग भराभर. डाव्या बाजूला. आधी जडपणा, मग ठणका, मग बसवेना, मग कानात आवाज यायला लागले. नॅपकिनचं सांगितलं. मी बाही सोडवली तेही. इतकं तपशीलवार की मलाही ठाऊक नव्हतं. तिचा आवाज चढत गेला. दाराबाहेरच्या बायकांची कुजबुज थांबली. डॉक्टर लिहीत होत्या, मध्ये एखादा प्रश्न विचारत होत्या. मुलगा उभा राहिला, मग बसला, मग औषधं आणतो म्हणून निघून गेला.

बाहेर बाकावर आम्ही दोघी बसलो. मी काहीतरी म्हणणार होते. माफी हाच शब्द म्हणणार होते बहुतेक. तिनं त्याआधी म्हटलं, "मला वाटायला लागलं होतं आई, की मी बोललेच नव्हते. सगळेच म्हणायचे. तुम्ही पण समोर असून काही म्हणायच्या नाहीत. मला वाटलं, मी मनातच म्हटलं असेल."

मी मांडीवरचे तिचे कागद सरळ केले.

"मुलीला दूध पाजताना मी तेच आठवत बसायचे," ती म्हणाली. "बोलले होते का? बोलले होते का?"

तेवढ्यात नोंदणीच्या खिडकीतल्या सिस्टरनी हाक मारली. नाव, गाव, वय विचारून झालं. मग त्यांनी विचारलं, "बाळंतपणाच्या वेळी आत सोबतीला कोण राहणार?"

"माझी काकी," सून म्हणाली. माझ्याकडे न बघता.

आणि एवढं सगळं होऊन गेल्यावरही माझ्या तोंडून निघालं, "त्यांना मूलबाळ नाही, सिस्टर. चालतं का?" मला वाटलं, मी मदतच करतेय. ऐन वेळी अडवायला नको.

"त्याचा काय संबंध?" सिस्टर म्हणाल्या. "बाई पाहिजे, धीराची पाहिजे. बाकी पेशंट म्हणेल ती."

सुनेनं आता माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. त्या वेळचा 'नियम' तिला आठवला असणार. ओटीच्या दिवशी भांडी घासणारी काकी आठवली असणार. एक खोटं मी कबूल केलं होतं. दुसरं माझं मलाच नीट आठवत नव्हतं, ते तिथं त्या खिडकीशी आपोआप उघडं पडलं. तिनं पिशवी उचलली आणि जिन्याकडे चालू लागली.

मुलानं मला बसस्टँडवर सोडलं. नेहमी तो गाडी लागेपर्यंत थांबतो. पिशवी फलाटावर ठेवून तो गेला.

माझं सांगणं तिथंच संपत नाही, हे मला कळत होतं. डॉक्टरांना सांगितलं, मुलाला कळलं. पण जिला मी 'नियम आहे' म्हणून दाराबाहेर बसवलं, तिला सांगायचं राहिलं होतं. आठवड्याभरानं सून काकींकडे राहायला गेल्याचं कळलं. मुलानं नव्हे, नातीनं फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी काकींना फोन लावला.

मी सगळं सांगितलं. थांबत थांबत, पण सगळं. नियम नव्हता, ते आधी. मग आतलं. त्या मध्ये एकदाही हूं म्हणाल्या नाहीत. मागं कोंबडीचा आवाज येत होता, कुणीतरी नळ सोडला होता. माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, "पोरनी माले सांगं." त्यांना कालच सगळं कळलं होतं. तरी त्यांनी मला शेवटपर्यंत बोलू दिलं होतं.

मग त्यांनी विचारलं, "आते मी मझार जासू. माले काय करनं पडी?"

मला वाटलं, टोमणा आहे. पण नव्हता. त्या खरंच विचारत होत्या. दवाखान्याच्या त्या खोलीत त्या कधी गेल्या नव्हत्या, मी गेले होते. मी म्हटलं, "पाठ चोळा. हात धरा. ओरडली तर ओरडू द्या."

"ते मी करसूच. आखो?"

"ती काय म्हणते ते ऐका. आणि सिस्टरना सांगा. त्या कामात असल्या तरी सांगा."

"बस? इतलंच?"

"इतकंच."

मग मागून सुनेचा आवाज आला, मोठ्यानं, दुसऱ्या खोलीतून असावा, "काकी, कोना फोन शे वं?"

"तुनी सासूना."

त्यावर ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. काकींनी फोन बहुतेक पदरात धरला होता. दोघींचं काहीतरी बोलणं चाललं होतं, शब्द कळत नव्हते, मध्येच नात हसली. मी फोन कानाला लावून उभीच राहिले. थोड्या वेळानं तो तिकडून बंद झाला.